कोंबड्याची मान, तांब्याची तार

"पिसं तेवढी द्या, कोंबडी नको," असं म्हटल्यावर चिकनच्या दुकानातल्या चाचांनी सुरी खाली ठेवली आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "करणी-बिरणी नाही ना करायची, साहेब?" मासे पकडायला हवीत म्हटल्यावर तर त्यांचा संशय आणखी बळावला. शेवटी पिशवीभर पांढरी पिसं फुकटात मिळाली. घरी येऊन त्यातलं एक पीस बारक्या गळाभोवती गुंडाळलं, दोरा आवळला आणि तयार झालेली माशी परातीतल्या पाण्यावर सोडली. ती तरंगायला हवी होती. पण ओल्या कापसाच्या बोळ्यासारखी ती सरळ तळाला गेली.

दोष चाचांचा नव्हता. कोंबडीच्या वयाचा होता. ब्रॉयलर जेमतेम चाळीस दिवस जगतो; त्याची पिसं मऊ, पिल्लाचीच राहतात. माशी बांधायला लागतं ते वर्षभर वाढलेल्या कोंबड्याच्या मानेवरचं पीस: लांब, निमुळतं, चकचकीत आणि काटक. आठवडी बाजारात दोरीने पाय बांधून ठेवलेला गावठी कोंबडा मानेची पिसं फुलवून भांडायला उठतो ना, तीच.

हा सगळा खटाटोप कशासाठी ते आधी सांगतो. आपल्या नेहमीच्या गळाला गांडूळ किंवा पिठाची गोळी असते, वर शिसं. त्या वजनाने दोर लांब जातो. फ्लाय फिशिंगमध्ये उलटं असतं. तिथे दोरच जाड आणि जड. चाबकासारखा तो पुढेमागे झुलवून फेकतात आणि त्याच्या टोकाला बांधलेली खोटी माशी नुसती मागोमाग जाते. फेकायला तिचं वजन लागत नाही. ट्राउट मासा थंड, वाहत्या पाण्यात एका जागी उभा राहून वरून वाहत येणारे किडे टिपतो, म्हणून गळावर दोरा, पिसं, केस बांधून किड्याचा आभास करायचा. महाराष्ट्रात ट्राउट नाही. इंग्रजांनी बाहेरून अंडी आणून तो काश्मीरमध्ये, हिमाचलात आणि निलगिरीत सोडला. माशी बांधायची विद्या मात्र फार जुनी आहे. इ.स. २०० च्या सुमारास एलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या कोळ्यांचं वर्णन लिहून ठेवलंय: ते गळाभोवती लाल लोकर गुंडाळतात आणि कोंबड्याच्या गळ्याशी लोंबणाऱ्या लाल कातडीखालची, मेणाच्या रंगाची दोन पिसं तिला जोडतात. आज अठराशे वर्षांनीही टेबलावर लोकर आणि कोंबड्याचं पीसच असतं.

कोंबड्याचंच का? पिसाच्या दांडीला दोन्ही बाजूंनी बारीक तंतू असतात. बदकाच्या पंखाच्या पिसात हे तंतू सूक्ष्म आकड्यांनी एकमेकांत अडकून सलग पातं होतं. प्रौढ कोंबड्याच्या मानेवरच्या पिसात टोकाकडे ते आकडे जवळपास नसतातच. प्रत्येक तंतू सुटा, ताठ. असं पीस गळाच्या दांडीभोवती कडेवर उभं गुंडाळलं की तंतू चहूबाजूंनी सायकलच्या आऱ्यांसारखे फाकतात. पाण्यावर ठेवल्यावर त्यांची टोकं पाण्याच्या ताणलेल्या सायीवर टेकतात आणि माशी पाणकिड्यासारखी उभी राहते. तंतू मऊ असला, की तो ती साय फोडून आत जातो, पाणी पितो आणि सगळं लटांबर बुडतं.

परीक्षा सोपी आहे. पीस दांडीतून वाकवायचं. तंतू उलगडून उभे राहिले पाहिजेत, आणि ओठाला लावले तर टोचले पाहिजेत. दांडीच्या बुडाशी जो राखाडी कापूस असतो तो खरवडून टाकायचा, त्याची दयामाया नको. तंतूची लांबी गळाच्या तोंडाच्या, म्हणजे टोक आणि दांडी यांच्यातल्या अंतराच्या, दीडपट ते दुप्पट. गळाचे नंबर तारेच्या गेजसारखे उलटे चालतात: १० पेक्षा १६ बारीक. १६ नंबरच्या गळाला पुरेल इतके आखूड तंतू असलेलं पीस गावठी कोंबड्याच्या अख्ख्या मानेत मोजकंच सापडतं, आणि तेही कपाळाजवळ. हिंदुस्थानातून आणि चीनमधून वाळवलेल्या माना पूर्वी ढिगाने विलायतेत आणि अमेरिकेत जात. त्यांतून बांधणारे तासन्‌तास पिसं वेचत बसत.

मग काही अमेरिकन माणसांनी कोंबडाच बदलायला घेतला. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरात हॅरी डार्बी पिसांसाठी कोंबडे पाळत होता. त्याचा जीव अडकला होता तो 'ब्लू डन' नावाच्या, पावसाळी ढगासारख्या निळसर राखाडी रंगात. मेफ्लाय हा पाणकिडा कातीतून नुकता बाहेर पडतो तेव्हा त्याचे पंख याच रंगाचे असतात. पण हा रंग वंशाने सरळ उतरत नाही. काळ्या रंगाची एक जनुकप्रत आणि ती फिकी करणारी दुसरी, अशी जोडी जमली तरच तो येतो. म्हणजे निळसर कोंबडा निळसर कोंबडीला लावला तरी निम्मीच पिल्लं निळसर. पाव काळी आणि पाव पांढुरकी, ठिपकेवाली. जुने लोक डन मान सोन्यासारखी जपत, ते उगाच नव्हे.

पुढे पेनसिल्वेनियात मेट्झ यांनी, ओरेगॉनमध्ये हेन्री हॉफमन यांनी आणि हॉफमनचा वाण विकत घेऊन कोलोरॅडोत टॉम व्हाइटिंग यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करत असे कोंबडे तयार केले, ज्यांच्या पाठीवरचं एकेक पीस फूटभर लांब आणि टोकापासून बुडापर्यंत तंतू एकाच आखूड मापाचे. अशा एका पिसात अनेक माश्या होतात. खाटकाला या कोंबड्याचा उपयोग शून्य. अंगावर मांस नाही आणि वर्षभर दाणा खातो. २०११ साली मात्र गंमत झाली. अमेरिकेत केसांत पिसं गुंफायची फॅशन आली आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची हीच लांब पिसं सलूनवाल्यांनी उचलली. मासेमारीच्या दुकानांतले खण रिकामे झाले, भाव कुठल्या कुठे गेले, आणि मध्यमवयीन मासेमार पोरींच्या वेण्यांकडे हताशपणे बघत बसले. फॅशन दीडदोन वर्षांत विरली.

मऊ पीस निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. माशी पाण्याखाली वाहू द्यायची असेल तर कोंबडीचं किंवा तित्तिराचं मऊ पीसच हवं. एखाद-दुसरा वेढा पुरे. ते पाणी पितं, प्रवाहात तंतू मिटतात, उघडतात, आणि बुडालेला किडा धडपडतोय असं वाटतं. ताठ पीस इथे काटेरी ब्रशसारखं दिसेल. बदकाच्या शेपटीच्या बुडाशी तैलग्रंथीभोवतीची छोटी पिसं तर आणखी निराळी: दिसायला गबाळी, पण तेलाने माखलेली आणि बारीक गुंत्याची, त्यामुळे हवेचे बुडबुडे धरून ठेवतात. स्विस जुरा भागातल्या लोकांनी ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत वापरात आणली. या पिसांना तरंगण्यासाठी चोपडायचं नेहमीचं मलम लावलं, की ती चिकटून निकामी होतात. मी हे एकदा केलेलं आहे.

एकूण काय, सामान हातात घेऊन ठरवू नये. वाटीभर पाण्यात बुडवून बघावं. रंगाच्या बाबतीत तर हे फारच खरं. कोरड्या लोकरीत तंतूंच्या मध्ये हवा असते, तिच्यावरून प्रकाश विखुरतो आणि रंग फिका दिसतो. हवेच्या जागी पाणी भरलं की विखुरणं कमी होतं; रंग गडद होतो, कधी आतून पारदर्शक भासतो. पहिला पाऊस पडल्यावर शहाबादी फरशी बदलते तसंच.

इंग्लंडात विल्टशरमध्ये एव्हन नदीवर फ्रँक सॉयर नावाचे नदीराखे होते. ट्राउटच्या पाण्याची निगा राखणं ही त्यांची नोकरी. त्यांनी गोड्या पाण्यातल्या कोळंबीची नक्कल म्हणून 'किलर बग' केला: गळ, तांब्याची तार आणि त्यावर गुंडाळलेली रफू करायची लोकर, बस्स. पण लोकर कुठलीही नव्हे. चॅडविक कंपनीची ४७७ नंबरची; कोरडी असताना ती मळकट मातकट दिसते, भिजली की गुलाबी छटा येते. पुढे ती लोकर निघायची बंद झाली. तेव्हापासून तिची जुनी कार्डं म्हाताऱ्या बायकांच्या शिवणाच्या डब्यांत शोधणारे पुरुष इंग्लंडात निर्माण झाले. एक नंबर, एक छटा, आणि तिच्यासाठी एवढा जीव टाकायचा? मला हे थोडं वेडेपणाचं वाटतं. पण माझ्याकडे दोन हात लांबीचा एक तुकडा आहे आणि तो मी अजून वापरलेला नाही.

डेव्हनमधल्या टिव्हर्टन गावच्या आर. एस. ऑस्टिन यांची कथा याहून वरची. त्यांच्या माशीच्या अंगाला मळकट गुलाबी-पिवळी अशी झळाळी होती की कुणाला तशी साधेना. लंडनचे वकील आणि निष्णात मासेमार जी. ई. एम. स्क्यूज यांनी तिला नाव दिलं 'टप्स इंडिस्पेन्सेबल'. टप म्हणजे एडका, आणि एडक्याचं ज्यावाचून चालणार नाही असं जे काही, तिथलीच ती लोकर होती. मूत्राने रंगलेली, मेणचट, पाण्याला दाद न देणारी. कृती बरीच वर्षं गुपित राहिली. ऑस्टिन गेल्यावर त्यांची मुलगी त्या माश्या बांधून विकत असे.

सॉयर यांची खरी करामत मात्र 'फेझंट टेल निम्फ'. ट्राउट पोटापाण्याचा मोठा भाग पृष्ठभागाखालीच उरकतो. मेफ्लायची पिल्लं तळाकडे पोहत असतात, त्यांना निम्फ म्हणतात. सॉयर यांनी निरखलं होतं, की पोहताना ही पिल्लं पाय अंगाशी दुमडून घेतात. म्हणून त्यांनी माशीला पायच दिले नाहीत. दुसरं म्हणजे दोराही टाकून दिला. बांधणारी, वजन देणारी आणि अंगाखालून तांबूस चमकणारी अशी तिन्ही कामं त्यांनी एकाच तांब्याच्या तारेकडून करून घेतली. १९५८ च्या 'निम्फ्स अँड द ट्राउट' या पुस्तकातून ही माशी जगभर गेली.

ती बांधून बघायला महागडं काही लागत नाही. गल्लीतल्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जाऊन ३८ किंवा ४० गेजची इनॅमल चढवलेली तार मागायची. तोळाभर तारेत वर्ष निघतं. १४ नंबरचा गळ व्हाइसमध्ये आवळायचा. दांडीवर तारेचे वेढे शेजारी शेजारी, आणि गळाच्या डोळ्यामागे, जिथे किड्याची छाती येणार, तिथे वेढ्यांवर वेढे देऊन उंचवटा करायचा. मग फेझंट कोंबड्याच्या शेपटीतल्या पिसाचे चार तांबूस तंतू टोकाकडून धरून मागच्या बाजूला बांधायचे. बाहेर डोकावणारी टोकं म्हणजे किड्याची शेपटी. आता तेच तंतू तारेबरोबर पिळून एक दोरी करायची आणि ती डोळ्यापर्यंत गुंडाळत न्यायची. पिळण्यात मख्खी आहे. नुसते तंतू माशाच्या दोन-चार दातांत तुटतात. तारेत पिळलेले डझनभर मासे सोसतात. शेवटी तंतू छातीवरून मागे, पुढे, पुन्हा मागे दुमडायचे, दर वेळी तारेचा एक वेढा. झालं. उतावळेपणाने तार खेचली तर ती 'टिक' करून तुटते आणि सगळं उलगडतं. माझ्या पहिल्या संध्याकाळी ते सहा वेळा झालं.

तारेत पिळायची हीच युक्ती मोरपिसालाही लागते. मोराच्या पिसाऱ्यातल्या पिसाचा एक तंतू काढून दांडीवर गुंडाळला की हिरवा-तांबूस मखमली सुरवंट तयार होतो. हा रंग रंगद्रव्याचा नसतो. तंतूच्या पोटात मेलॅनिनच्या सूक्ष्म कांड्या जाळीसारख्या रचलेल्या असतात आणि प्रकाश त्या रचनेवरून खेळतो. म्हणून भिजल्यावरही झळाळी राहते. आपल्याकडे गळून पडलेलं मोरपीस बाळगता येतं, देशात विकता येतं. निर्यातीला बंदी आहे.

हरणाचे केस, कृत्रिम धागे यांविषयी थोडक्यात. उत्तर अमेरिकेतल्या हरणाचा आणि एल्कचा केस आतून पोकळ, हवेच्या कप्प्यांचा असतो. दोरा आवळला की तो दाबला जाऊन काटकोनात फुलतो आणि बुचासारखा तरंगतो. अल ट्रॉथ यांनी १९५७ मध्ये केलेली 'एल्क हेअर कॅडिस' खळाळत्या पाण्यातही बुडत नाही ती यामुळे. मात्र केसांच्या बुडाशी असलेली लव आधी बारीक फणीने काढायलाच हवी, नाहीतर केस फुलतच नाहीत. कृत्रिम धाग्यांत घनता बघावी. पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकं, ०.९, ते तरंगतं. नायलॉन आणि पॉलिस्टर जड. गालिच्यांसाठी काढलेला अँट्रॉन हा नायलॉनचा धागा तिधारी कापाचा असतो आणि कडांच्या खाचांत हवा धरतो. गॅरी लाफाँटेन यांनी कॅडिस या पाणकिड्याच्या पृष्ठभागाकडे झेपावणाऱ्या कोषासाठी तो वापरला. बुडवायची घाई असेल तर टंगस्टनचा मणी, घनता १९.३, शिशापेक्षा कितीतरी जास्त. इंग्लंडात शिशाच्या छोट्या वजनांवर १९८७ साली बंदी आली, कारण हंस ती गिळून मरत होते.

हे सगळं सामान एका डब्यात ठेवलं की कसर लागते. रेशमी साड्यांना लागते तीच. बाहेरून आलेलं प्रत्येक पीस साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, पिशवीत बंद करून काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवावं. घरच्यांची परवानगी घेऊन.

इथवर सांगितलं ते माशाच्या नजरेने निवडलेलं सामान. एकोणिसाव्या शतकातल्या सॅमन फ्लायची गोष्ट मात्र वेगळी. अटलांटिक सॅमन समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत शिरतो, तेव्हा तो खाणंच थांबवतो. मग गळाला तोंड का लावतो? चिडून, सवयीने, तर्क पुष्कळ आहेत. नक्कल करायला किडाच नसल्यामुळे बांधणाऱ्यांची कल्पना मोकाट सुटली. जॉर्ज केल्सन यांच्या १८९५ च्या 'द सॅमन फ्लाय' या ग्रंथातल्या कृती वाचल्या तर साम्राज्याच्या गोदामाची यादी वाटते: टूकॅनची छाती, शहामृग, मोर, आणि 'इंडियन क्रो', ज्याचा भारताशी काही संबंध नाही, तो दक्षिण अमेरिकेतला पक्षी. एवढी पिसं माशाला कशाला हवीत? ती माणसाच्या डोळ्यांसाठी होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

पिसांचं हे वेड विकोपाला गेलं ते २००९ च्या जूनमध्ये. इंग्लंडातल्या ट्रिंग इथल्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाची खिडकी फोडून बासरी शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने २९९ पक्ष्यांची जतन केलेली कातडी सूटकेसमध्ये भरून नेली. त्यांत निसर्गअभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी गोळा केलेले नमुनेही होते. तो सॅमन फ्लाय बांधण्यात वाकबगार होता. पिसं त्याने स्वतःसाठी ठेवली आणि इतर बांधणाऱ्यांना विकली. पक्ष्यांच्या पायाच्या चिठ्ठ्या कापल्या गेल्या, आणि कुठे, केव्हा पकडला हे हरवलं की संशोधकाच्या लेखी त्या नमुन्यात फारसं काही उरत नाही.

सॅमन फ्लायच्या पिसांच्या यादीतलं एक पीस मात्र थेट आपल्या सह्याद्रीतलं. राखी रानकोंबडा, गॅलस सोनेराती. महाबळेश्वर, कोयना, आंबोली या पट्ट्यात पहाटे त्याचं तुटक आरवणं ऐकू येतं. नराच्या मानेवरच्या काळसर पिसांच्या टोकाला पांढरे-पिवळे ठिपके असतात, आणि तिथे तंतू एकमेकांत वितळल्यासारखे होऊन गुळगुळीत, मेणचट पत्रा होतो, जणू मीनाकाम. पाण्यात भिजत नाही, चिकटत नाही. माशीच्या दोन्ही गालांवर ही पिसं लावली की लहान माशाचे डोळे वाटतात. 'जंगल कॉक' या नावाने विलायतेत त्याची एवढी मागणी होती, की जवळपास प्रत्येक नामांकित सॅमन फ्लायमध्ये ते असे. ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने रानपक्ष्यांच्या पिसांच्या निर्यातीवर १९०२ मध्ये बंदी घातली. पिसं चोरवाटांनी जात राहिली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पक्ष्याला संरक्षण दिलं, आणि आता युरोपातले बांधणारे पिंजऱ्यात वाढवलेल्या रानकोंबड्यांच्या माना चढ्या दराने घेतात.

विणीचा हंगाम सरला की रानातला नर ही पिसं आपणहून टाकतो, तात्पुरती साधी, मळकट मान धारण करतो. म्हणजे ती मीनाकारी दर वर्षी पाचोळ्यात पडते. पण मोरपिसाची सवलत या पिसाला नाही, उचलू नये.

माझ्या डबीत त्याची नक्कल आहे. काळ्या गावठी कोंबडीचं आखूड पीस, टोकाला पातळ डिंक चोळून तंतू चिकटवलेलं, त्यावर काडीपेटीच्या काडीने दिलेले नेलपॉलिशचे दोन ठिपके, आधी पांढरा, तो वाळल्यावर मध्ये पिवळा. पुण्यात जुलैच्या हवेत एक ठिपका वाळायला अर्धा तास लागतो. बाटली भाचीची आहे. तिने दोनदा परत मागितली आहे.